सेकंडहँड गाडीची वॉरंटी: पोस्टरवर काय असतं आणि क्लेमच्या वेळी काय उरतं?

चौथा_गिअर

भाचीला हिंजवडीत नोकरी लागली आहे. रोजच्या रिक्षा-कॅबला कंटाळून तिने सेकंडहँड गाडी घ्यायचं ठरवलंय. बजेट साडेपाच लाखांच्या आसपास, पेट्रोल, शक्यतो एएमटी (क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणारी). कुठली गाडी घ्यावी यावर इथे चिकार धागे आहेत, तो विषय कृपया नको. मला फक्त वॉरंटीबद्दल बोलायचंय.

तीन गाड्यांवर येऊन थांबलोय. पहिली एका मोठ्या साखळी-डीलरकडची, २०१९ ची, 'एक वर्ष वॉरंटी'. दुसरी गावातल्याच डीलरकडची, २०२० ची, 'सहा महिने कॉम्प्रिहेन्सिव्ह वॉरंटी'. तिसरी थेट मालकाकडून, २०२२ ची. मालक स्वतः काहीच देत नाही, पण नवी घेताना त्याने कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली होती, ती सव्वा वर्ष शिल्लक आहे. ही तिसरी बाकीच्यांपेक्षा साठेक हजारांनी महाग.

दोन्ही डीलरांकडे वॉरंटीच्या पूर्ण अटी मागितल्या. साखळीवाल्याने निमूटपणे पीडीएफ पाठवली. गाववाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर रंगीत पोस्टर पाठवलं, त्यावर इंजिनाचं चित्र आणि 'नो टेन्शन'. अटींचा कागद बिलाबरोबर मिळेल म्हणाला. म्हणजे पैसे दिल्यावर.

पीडीएफ वाचून मला कळलं ते असं. 'एक वर्ष वॉरंटी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचे आतले, तेलात चालणारे भाग. पिस्टन, क्रँक, कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, गिअर, शाफ्ट. एसी, अल्टरनेटर, स्टार्टर, स्टीअरिंग, सस्पेन्शन, सेन्सर, म्युझिक सिस्टिम, सगळं बाहेर. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, बेल्ट, होज पाइप, माउंटिंग, बुश हे 'झीज होणारे भाग' म्हणून बाहेर. ऑइल, कूलंट, गॅस्केट हे कन्झ्युमेबल, ते आपल्या खिशातून. एका क्लेमला वरची मर्यादा, शिवाय पूर्ण वर्षाची मिळून वेगळी मर्यादा. आणि एक ओळ अशी की गाडी घेताना 'आधीपासून असलेला दोष' कव्हर नाही.

ही शेवटची ओळ मला पचत नाही. इतक्या वर्षांच्या गाडीतला कुठला दोष आधीपासूनचा नाही, हे ठरवणार कोण?

टोलनाका

डीलरच ठरवणार! म्हणून म्हणतो, सेकंडहँडची वॉरंटी ही निव्वळ धूळफेक. ते पैसे किमतीत आधीच लावलेले असतात. वॉरंटी नको म्हणा आणि तेवढे कमी करून घ्या.

पोह्यात_शेंगदाणे

सरसकट असं नाही हो. मी कार कंपनीच्याच प्री-ओन्ड शोरूममधून घेतली होती. पाचव्या महिन्यात एसी कॉम्प्रेसर गेला, कुठलीही घासाघीस न होता बदलून मिळाला. फक्त गॅसचे पैसे घेतले. माझ्या कागदात एसी लिहिलेला होता हे महत्त्वाचं. चौथा_गिअर यांच्या पीडीएफमध्ये तो नाहीच.

गॅरेजवाला_नाशिक

माझं मल्टिब्रँड वर्कशॉप आहे. वॉरंटी देणाऱ्या दोनतीन मंडळींच्या गाड्या आमच्याकडे दुरुस्तीला येतात, त्यामुळे क्लेम पास होताना आणि बोंबलताना दोन्ही पाहतो. जरा सविस्तर लिहितो.

लोक पार्टची यादी वाचतात आणि खूश होतात. यादीपेक्षा दोन ठिकाणं आधी वाचा. एक, 'बिघाड' कशाला म्हणायचं याची व्याख्या. दुसरं, बिघाड कशामुळे झाला तर क्लेम मिळत नाही तो परिच्छेद.

व्याख्येत बहुतेक ठिकाणी 'अचानक' हा शब्द असतो. पार्ट अचानक तुटला, काम करायचा थांबला तर बिघाड. हळूहळू कमकुवत झाला तर झीज. आता जुन्या गाडीचं इंजिन ऑइल खायला लागतं ते काही मंगळवारी सकाळी अचानक नाही. पिस्टन रिंग यादीत आहेत, पण ऑइल कमी होतंय, निळा धूर येतोय, पिकअप नाही, ही तक्रार घेऊन गेलात की उत्तर येतं, ही झीज. तीच रिंग तुटली आणि सिलिंडरला ओरखडे पडले की बिघाड. पार्ट तोच, निकाल वेगळा.

दुसरा प्रकार याहून वाईट, आणि हा मी नेहमी बघतो. कूलंटचा रबरी होज फुटतो. होज यादीबाहेर, पाचसातशे रुपयांची वस्तू. कूलंट सांडलं. गाडी एक्स्प्रेसवेवर, टेम्परेचरचा लाल दिवा लागला, पण माणूस म्हणतो पुढच्या फूडमॉलला थांबू. तोवर हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलं, गॅस्केट उडालं. हेड यादीत आहे! पण क्लेम नामंजूर, कारण दोन. मूळ कारण यादीबाहेरचा पार्ट, आणि दिवा लागल्यावरही गाडी चालवली. दुसरं कारण ते ईसीयूतून, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधून काढतात. बऱ्याच गाड्यांमध्ये एरर कोडबरोबर त्या क्षणाचं तापमान, आरपीएम, वेग नोंदलेलं असतं. 'मी लगेच थांबलो' म्हणून चालत नाही.

म्हणून भाचीला एवढंच शिकवा: लाल दिवा दिसला की डावीकडे घे, इंजिन बंद, टोइंगला फोन. वॉरंटी असो वा नसो. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नको.

तिसरी गोष्ट परवानगीची. क्लेम नंबर मिळायच्या आधी कुठल्याही मेकॅनिकने, अगदी ओळखीच्या अण्णाने सुद्धा, इंजिन खोललं की वॉरंटी संपली असं समजा. आणि खोलायची परवानगी मिळाली तरी विचारा, खोलणावळ कोण देणार. बहुतेक कागदांत असतं की आत जे निघेल ते कव्हरमध्ये बसलं तर आम्ही देऊ, नाही बसलं तर खोलायची आणि परत बसवायची मजुरी तुमची. इंजिन उतरवून खोललं की तेवढ्यानेच बिल पाच आकड्यांत जातं. लोक तिथे अडकतात. खोललेली गाडी उचलून दुसरीकडे तर नेता येत नाही.

'आधीपासूनचा दोष' याबद्दल: डिलिव्हरीच्या दिवशीचा तपासणी अहवाल हाच तुमचा पुरावा. त्यांच्याच अहवालात इंजिन-गिअरबॉक्ससमोर हिरवी खूण असेल तर नंतर 'आधीपासून होतं' म्हणणं त्यांना जड जातं. तो अहवाल अ‍ॅपवर ठेवू नका, अ‍ॅपमधून गाडी विकली की पान गायब होतं. डाउनलोड करा, सही-शिक्का घ्या.

चौथा_गिअर

दादा, मनापासून आभार. एएमटीचं काय? पीडीएफमध्ये 'ट्रान्समिशन' एवढंच आहे.

गॅरेजवाला_नाशिक

तिथेच गोम आहे. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं अ‍ॅक्चुएटर करतो. आतला गिअरबॉक्स सहसा जात नाही. जातो तो अ‍ॅक्चुएटर, त्याचा पंप किंवा सेन्सर, नाहीतर क्लच प्लेट. म्हणजे जे जात नाही ते कव्हर आणि जे जातं ते बाहेर! क्लच प्लेट तर कोणीच देणार नाही, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ती झिजणारच. पण 'अ‍ॅक्चुएटर आणि ट्रान्समिशन कंट्रोल युनिट धरलंय का' हा प्रश्न ईमेलवर विचारा, उत्तर ईमेलवरच घ्या. ड्युअल क्लचची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) गाडी असेल तर तिथे हेच काम करणाऱ्या मेकाट्रॉनिक युनिटबद्दल हाच प्रश्न.

सांगलीची_हळद

एक मुद्दा राहिला. पाणी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या भागात शेकड्यांनी गाड्या बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच साफसूफ होऊन लांबच्या शहरांत विकल्या गेल्या. चिपळूणलाही २०२१ च्या जुलैमध्ये तेच. वॉरंटीच्या कागदात पाण्याने झालेलं नुकसान हमखास बाहेर असतं. वायरिंग सडायला वर्ष-दोन वर्षं लागतात, तोवर वॉरंटीही संपते आणि विकणाराही.

बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ असेल तर सोडून द्या. स्टेपनीखालची जागा, सीटचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे कनेक्टर बघा. वास घालवायला भसाभस परफ्यूम मारलेली गाडी असेल तर अजून नीट बघा.

जुना_सर्व्हेअर

वरच्या प्रतिसादाला जोडून, वाहन विम्याचा सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालो. लोक विमा आणि वॉरंटी यांत हमखास गल्लत करतात. बाहेरून आलेली आपत्ती, म्हणजे धडक, चोरी, आग, पूर, ही विम्याकडे. आतून झालेला यांत्रिक बिघाड वॉरंटीकडे. मधली एक फट आहे ती पावसाळ्यात माणसाला खाते. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, माणसाने पुन्हा स्टार्टर मारला, इंजिनने पाणी ओढलं, कनेक्टिंग रॉड वाकला. वॉरंटीवाला म्हणतो पाणी, विमेवाला म्हणतो हे परिणामी नुकसान. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत इंजिनाचं हे नुकसान बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन लागतं, आणि गाडी जितकी जुनी तितकं ते मिळणं अवघड. पाण्यात बंद पडली तर ढकलत बाहेर काढा, किल्लीला हात लावू नका.

दुसरं, मालकी बदलल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज करा. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर आपोआप येतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. त्यामुळे फरकाचे पैसे भरावे लागतील, बजेटमध्ये धरा.

एडिसनवासी

मी न्यू जर्सीत आहे. इथली पद्धत सांगतो, तुलनेला. इथे जुन्या गाड्यांसाठी राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. डीलरने विकलेली गाडी सात मॉडेल-वर्षांपेक्षा जुनी नसेल, किंमत किमान ३,००० डॉलर असेल आणि १ लाख मैलांच्या आत चाललेली असेल, तर डीलरला वॉरंटी द्यावीच लागते. २४,००० मैलांपर्यंत चाललेल्या गाडीला ९० दिवस किंवा ३,००० मैल, ६०,००० पर्यंत ६० दिवस किंवा २,००० मैल, त्यापुढे ३० दिवस किंवा १,००० मैल. शिवाय केंद्राच्या नियमाने प्रत्येक जुन्या गाडीच्या काचेवर 'बायर्स गाइड' चिकटवलेलं असतं, त्यावर वॉरंटी आहे की 'जशी आहे तशी' हे ठळक अक्षरांत. घासाघीस इथेही होतेच, पण निदान कागद पैसे देण्याआधी दिसतो. मालकाकडून थेट घेतली तर मात्र इथेही देवाचं नाव घ्यायचं.

टोलनाका

आपल्याकडे असा कायदाच नाही, मग कसली वॉरंटी न् काय.

काळा_कोट_पुणे

गाड्यांसाठी वेगळा कायदा नाही हे खरं, पण अगदीच हात बांधलेले नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुन्या गाडीलाही लागू होतो, विकणारा व्यवसाय म्हणून विकत असेल तर. एकदाच स्वतःची गाडी विकणारा शेजारी व्यापारी नसतो, त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगाची वाट जवळजवळ बंदच. चौथा_गिअर यांनी तिसऱ्या गाडीच्या वेळी हे लक्षात ठेवावं.

पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे जातात. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची. आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. डीलरच्या कागदावर 'सर्व वाद फक्त गुरुग्रामच्या न्यायालयात' असं छापलेलं असलं तरी घाबरायचं नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळ कंपन्या त्या टप्प्यावरच नरमतात.

माझ्या अनुभवात ग्राहक हरतो तो कायद्यामुळे नाही, कागदामुळे. जाहिरातीत 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', सेल्समनच्या तोंडी 'इंजिनापासून एसीपर्यंत सगळं', आणि सही केलेल्या कागदात चार पार्ट. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट पुसू नका. दिशाभूल करणारी जाहिरात हा स्वतंत्र मुद्दा होतो. ते 'नो टेन्शन'चं पोस्टर तर जपूनच ठेवा!

अजून एक. वॉरंटी देणारा कोण आहे ते नाव वाचा. बऱ्याचदा गाडी विकणारी कंपनी एक आणि वॉरंटी देणारी वेगळी. बिघाड झाल्यावर पहिली म्हणते आम्ही फक्त गाडी विकली. तक्रारीत दोघांनाही सामनेवाले करायचं.

मुलुंडची_मावशी

हे असलं वाचलं की नवीन गाडीच घ्यावीशी वाटते बाई.

गॅरेजवाला_नाशिक

मावशी, नव्या गाडीच्या वॉरंटीतही क्लच प्लेट नसते. :)

चार्जिंगला_लावली

अवांतर वाटेल, पण जुनी ईव्ही घेणाऱ्यांसाठी. बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्यांची ८ वर्षं किंवा १.६ लाख किमी, आणि ती गाडीबरोबर दुसऱ्या मालकाकडे जाते. पण टाटाने २०२५ मध्ये काही मॉडेलना 'लाइफटाइम' बॅटरी वॉरंटी जाहीर केली ती पहिल्या मालकापुरती. जाहिरातीतला मोठा आकडा बघून दुसऱ्या हाताने घेणाऱ्याने हुरळून जाऊ नये.

पोह्यात_शेंगदाणे

पेट्रोल गाड्यांतही तसंच. मारुतीने स्टँडर्ड वॉरंटी २ वर्षं/४०,००० किमीवरून ३ वर्षं/१ लाख किमी केली ती जुलै २०२४ पासून. त्याआधी विकलेल्या गाडीला जुनेच आकडे. आणि मोजणी गाडी पहिल्यांदा विकली त्या तारखेपासून, आपण घेतली त्या तारखेपासून नाही.

चौथा_गिअर

दोन्ही डीलरांना ईमेल टाकले होते. साखळीवाल्यांचं उत्तर आलं: अ‍ॅक्चुएटर 'इलेक्ट्रो-मेकॅनिकल भाग' असल्याने कव्हर नाही, जादा पैसे भरून वरचा प्लॅन घेतला तर आहे. सरळ उत्तर दिलं, त्यामुळे राग नाही. वरच्या प्लॅनमध्ये एसी आणि अल्टरनेटरही आहे, पण एक अट अशी की दुरुस्ती त्यांच्याच ठरलेल्या वर्कशॉपमध्ये आणि फक्त त्यांची सेवा असलेल्या शहरांत. भाचीचं माहेर अकोल्याला. तिकडे जाता-येता बंद पडली तर टोइंग करून कुठल्या तरी मोठ्या शहरात न्यायची, आणि टोइंगची मर्यादा किलोमीटरमध्ये दिलेली.

गाववाल्या डीलरने ईमेलला उत्तर दिलं नाही. फोनवर म्हणाला, "साहेब, विश्वासावर धंदा चालतो." मी म्हटलं, विश्वास आहेच, फक्त लिहून द्या. ती गाडी यादीतून काढली.

तिसरीसाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन विचारलं. वॉरंटी खरी आहे, मालक बदलला तरी चालते, देशभर कुठल्याही अधिकृत सेंटरमध्ये क्लेम करता येतो आणि त्यात अ‍ॅक्चुएटरही आहे. एकच काळंबेरं. सर्व्हिस हिस्टरीत एक सर्व्हिस ठरल्या तारखेपेक्षा चारेक महिने उशिरा झालेली दिसते. मालक म्हणतो तेव्हा गाडी उभीच होती. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर तोंडी म्हणाला काही अडचण नाही.

काळा_कोट_पुणे

तोंडी म्हणाला ते ईमेलवर घ्या. 'अमुक चासी नंबरच्या गाडीची वॉरंटी आजच्या तारखेला वैध आहे' एवढं एक वाक्य पुरे. नाही दिलं तर ती चार महिन्यांची फट उद्या तुमच्यासमोर ठेवली जाईल असं धरून किंमत बोला.

गॅरेजवाला_नाशिक

सहमत. आणि टोकन द्यायच्या आधी त्याच सेंटरमध्ये पैसे भरून पूर्ण तपासणी करून घ्या, स्कॅनरसकट. ओडोमीटरचा आकडा जुन्या सर्व्हिस बिलांशी ताडून बघा. तो मागे फिरवलेला निघाला तर कुठलीच वॉरंटी उभी राहत नाही. बाहेरून बसवलेला सीएनजी किट, कापलेलं वायरिंग, मोठे हॉर्न, जादा लाइट असलं काही आहे का तेही बघा, इलेक्ट्रिकल क्लेम त्यावरून उडतो.

जुना_सर्व्हेअर

शिवाय त्याच्या विम्याची क्लेम हिस्टरी मागा. मोठा अपघात झालेला असेल तर त्या बाजूच्या पार्टवर वॉरंटीवाले हात वर करतात.

चौथा_गिअर

शनिवारी तपासणीची वेळ घेतली आहे, मालक यायला तयार आहे. ईमेलही मागितला आहे. एक शंका: वॉरंटी भाचीच्या नावावर कधी करायची, आधी की आरसी आल्यावर?

पोह्यात_शेंगदाणे

आधी आरटीओत मालकी बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, मालकाचं गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या एनओसीसह बोजा उतरवायचा ३५ नंबर. नवीन आरसी आली की ती आणि वॉरंटीचं मूळ सर्टिफिकेट घेऊन सर्व्हिस सेंटरला जा, काही ठिकाणी थोडं शुल्क घेतात. मालकाकडून ते सर्टिफिकेट पैसे देतानाच ताब्यात घ्या, नंतर लोक फोन उचलत नाहीत.